सुधारलेल्या चोपण रानातला गहू आणि नत्राचा हिशेब

जिप्सम मिसळून झाले, चर काढून किंवा पाइप टाकून निचऱ्याची सोय झाली, एक-दोन पावसाळ्यांचे पाणी मातीतून धुऊन गेले. कित्येक वर्षे पांढऱ्या पडलेल्या त्या वावरात यंदा रब्बीला गहू घ्यायचा बेत आहे. अशा वेळी शेतकऱ्याचा पहिला प्रश्न खताचाच असतो. नेहमीच्या रानात टाकतो तेवढाच युरिया टाकायचा की जास्त? जास्त तर किती, आणि एकरी खर्च किती वाढेल?

उत्तर आधीच सांगून टाकलेले बरे. चोपण जमीन सुधारल्यानंतरची पहिली काही वर्षे गव्हाला नत्र पाव हिश्शाने जास्त लागते. आपल्याकडे वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकराचा हिशेब केला तर ४८, २४ आणि १६ किलो. सुधारलेल्या चोपण रानात हे ४८ किलो नत्र ६० पर्यंत जाते. वाढलेल्या १२ किलो नत्राला युरियाच्या भावाने सुमारे १५५ रुपये पडतात. एवढ्या पैशाने कोणाचे बजेट कोलमडत नाही. पण तोच युरिया चुकीच्या दिवशी, चुकीच्या ओलीवर फोकला तर जे जाते ते हजारांत मोजावे लागते. म्हणून या लेखात पिशवीच्या किमतीइतकेच ती पिशवी कधी आणि कशी उघडायची यालाही महत्त्व दिले आहे.

आधी रान कोणते ते ठरवा

देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे, त्यातली सुमारे ६ लाख हेक्टर महाराष्ट्रात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या कालव्याच्या आणि उसाच्या पट्ट्यात हे दुखणे जुने आहे. पण ‘क्षारपड’ या एका नावाखाली आपण दोन वेगळे आजार मोजतो आणि नत्राच्या बाबतीत दोन्हींचा उपचार वेगळा आहे.

पहिली क्षारयुक्त जमीन. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, सामू बहुधा ८.५ च्या आत असतो, पण विरघळणारे क्षार जास्त असतात. निचरा झाला आणि गोडे पाणी भरपूर दिले की हे क्षार धुऊन जातात. दुसरी चोपण जमीन. इथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू ८.५ च्या वर जातो, पावसाचे पाणी डबक्यासारखे साचते आणि वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात. तिला जिप्सम लागते. नत्र पाव हिश्शाने वाढवण्याचा सल्ला या दुसऱ्या जमिनीसाठी आहे. केवळ क्षारयुक्त असलेल्या आणि धुऊन निघालेल्या रानात तो आंधळेपणाने लावू नका.

जमीन खरोखर सुधारली का, हे घरच्या घरी पाहता येते. वावरातले वाळलेले बोराएवढे ढेकूळ घ्या. काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले किंवा फिल्टरचे पाणी घ्या, विहिरीचे नको, कारण त्यातले क्षार परीक्षा बिघडवतात. ढेकूळ अलगद पाण्यात सोडा आणि पेला न हलवता दोन तास राहू द्या. ढेकूळ फुटून खाली बसले आणि वरचे पाणी नितळ राहिले तर चिंता कमी. ढेकळाभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरले आणि पाणी गढूळच राहिले, तर सोडियम अजून मातीला धरून आहे. अशा रानाला आधी जिप्सम हवे. तिथे युरियावर पैसे घालून गहू साधणार नाही.

ही झाली घरची परीक्षा. पक्का निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरच घ्यावा आणि इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जमीन आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. विनिमययुक्त सोडियम आणि जिप्समची गरज या दोन गोष्टी त्यात नसतात. त्या स्वतंत्रपणे मागून घ्याव्या लागतात. नमुना देताना अर्जावर तसे स्पष्ट लिहा आणि ० ते १५ व १५ ते ३० सेंटीमीटर असे दोन थर वेगळ्या पिशव्यांत द्या. आणखी एक, पुस्तकात क्षारयुक्त जमिनीची ४ डेसीसायमनची मर्यादा दिलेली असते. ती संपृक्त अर्कासाठी आहे. पत्रिकेवरची क्षारता बहुधा मातीत अडीच पट पाणी घालून मोजलेली असते, त्यामुळे आकडा लहान दिसतो. तो पाहून ‘आपले रान ठीक आहे’ असे समजू नका. कोणत्या पद्धतीने मोजले ते विचारा.

विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करा. पाण्यातला उर्वरित सोडियम कार्बोनेट लिटरला २.५ मिलीइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर दर पाण्यागणिक जमीन पुन्हा चोपण होत जाते आणि नत्राचा हिशेब दरवर्षी बिघडतो.

नत्र जाते कुठे

जास्त नत्र का लागते, हे समजले की बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात.

युरिया मातीत पडला की काही दिवसांत त्याचे अमोनियम होते. अमोनियम मातीला धरून राहते, पण सामू वाढला की त्याचाच अमोनिया वायू होतो आणि हवेत उडतो. सामू ७.२ च्या आसपास असेल तर शंभरातला एखादाच भाग वायूच्या रूपात असतो. ८.२ ला नऊ-दहा भाग, आणि ९.२ ला जवळजवळ निम्मा. म्हणजे सामू ७.२ वरून ८.२ वर चढला की हा धोका सुमारे दहापट होतो. शिवाय युरिया विरघळताना दाण्याभोवतीच्या मातीचा सामू तात्पुरता आणखी वाढवतो. म्हणून ८.७ सामूच्या ओल्या रानावर दुपारच्या उन्हात फोकलेला युरिया म्हणजे उघड्यावर ठेवलेला कापूर.

दुसरी गळती पाण्याची. चोपण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. दोन-तीन दिवस पाणी साचले की मातीतली हवा संपते, आणि तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नत्र वायूरूपात सोडून देतात. क्षारयुक्त रानात निचरा पाइप असेल तर उलट होते. पाणी वेगाने खाली जाते आणि नायट्रेट त्याच्याबरोबर पाइपात उतरते. तिसरे कारण साधे आहे. वर्षानुवर्षे पीक नसलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्बच नसतो, त्यामुळे मातीतून आपसूक मिळणारे नत्रही नाममात्र असते.

पाव हिश्शाने जास्त नत्राची शिफारस कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेच्या कामातून आली. १९६९ साली स्थापन झालेल्या या संस्थेने हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेशातल्या ऊसर, म्हणजे तिकडच्या चोपण, जमिनींवर भात-गव्हाची पद्धत बसवली. त्या गाळाच्या जमिनी आहेत. आपली काळी माती चिकणमातीची, फुगणारी. ती अमोनियम जास्त धरून ठेवते, पण पाणीही जास्त अडवते. म्हणून माझे मत असे की, महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने ६० किलोचा आकडा कमाल मर्यादा मानावा. अहवालात सामू ८.५ च्या वर आणि सेंद्रिय कर्ब कमी, असे दोन्ही असेल तरच तिथवर जावे. सामू खाली आला की पुन्हा ४८ वर यावे. गरजेपेक्षा जास्त नत्राने गहू लोळतो, मावा वाढतो आणि तांबेऱ्याला आमंत्रण मिळते.

पिशवीचा हिशेब

युरियाची पिशवी ४५ किलोची आणि किंमत २६६ रुपये ५० पैसे. अनेक जण अजून जुन्या ५० किलोच्या पोत्यावर हिशेब करतात, तिथेच दहा टक्के नत्र कमी पडते. ४६ टक्के नत्राप्रमाणे एका पिशवीत २०.७ किलो नत्र येते, म्हणजे किलोला १२ रुपये ८७ पैसे. बाजारातल्या कोणत्याही नत्रखताची तुलना या आकड्याशी करा.

डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांची, तीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. एका एकराला २४ किलो स्फुरद हवे असेल तर एक गोणी पुरते. मग ६० पैकी ५१ किलो नत्र युरियातून द्यायचे. त्याला अडीच पिशव्या पुरतात, किंमत ६६६ रुपये. एकूण २,०१६ रुपये.

सिंगल सुपर फॉस्फेटचा पर्याय अनेक जण सुचवतात. तीन गोण्यांतून २४ किलो स्फुरद आणि १६ किलोंवर गंधक मिळते, शिवाय त्यात जिप्समचाही मोठा अंश असतो. याची किंमत कंपनीगणिक बदलते. गोणी ५५० रुपये धरली तर तीन गोण्यांचे १,६५० आणि २.९ पिशव्या युरियाचे ७७३, मिळून २,४२३ रुपये. म्हणजे चारशे रुपये जास्त. गंधकासाठी हे पैसे एरवी मी आनंदाने मोजायला सांगेन. पण ज्या रानात गेल्या दोन वर्षांत टनावारी जिप्सम गेले आहे, तिथे गंधक आधीच मुबलक आहे. तिथे डीएपी पाभरीने खोल पेरून द्यावे, ते पुरेसे आहे.

हाच नियम गंधकवेष्टित युरियाला, म्हणजे ‘युरिया गोल्ड’ला लावा. त्याची पिशवी ४० किलोची, किंमत तेवढीच, नत्र ३७ टक्के. पिशवीत १४.८ किलो नत्र, किलोला १८ रुपये. हे नत्र सावकाश सुटते हा फायदा खरा आहे, पण जिप्सम दिलेल्या रानात त्यातल्या गंधकाचे वेगळे मोल नाही.

अमोनियम सल्फेट ‘आम्लधर्मी आहे, चोपण बरी करते’ म्हणून विकले जाते. त्यात नत्र २०.५ टक्के. गोणी हजार रुपये धरली तरी नत्राचा किलो ९७ रुपयांच्या पुढे जातो. आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते वर फोकले तर त्याच्यातूनही अमोनिया भरपूर उडतो. जमिनीतला टनावारी चुना दोन-चार गोण्यांच्या आम्लाने हटत नाही. पेरून देणार असाल आणि गंधकाची खरी गरज अहवालात दिसत असेल तरच ते घ्या.

नॅनो युरियाच्या बाटलीबद्दल प्रश्न येतोच. पहिल्यांदा आलेल्या ५०० मिलीच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. नंतर जास्त टक्केवारीचे उत्पादन आले, त्यातही ते शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपासच राहते. युरियाच्या एका पिशवीत २० किलोंवर असते. एक क्विंटल गहू तयार व्हायला पीक सुमारे अडीच किलो नत्र उचलते. हे दोन आकडे शेजारी ठेवा. फवारणी ही पूरक म्हणून ठीक, पण सुधारत असलेल्या भुकेल्या जमिनीत पिशवीच्या जागी बाटली ठेवू नका.

पालाशचा खर्च मुद्दाम वेगळा ठेवला आहे. काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसे असते. अहवालात जास्त दिसले तर अर्ध्या गोणीचे पैसे वाचवा. द्यायचेच झाले आणि रान क्षारयुक्त असेल, तर म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते हे लक्षात ठेवा. स्फुरदाचेही तसेच. उत्तरेकडच्या ऊसर जमिनीत सुरुवातीची काही वर्षे स्फुरद द्यावेच लागत नाही असे आढळले आहे. आपल्याकडे चुनखडीमुळे ते अनेकदा कमी असते. म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका, आपला अहवाल पाहा.

जस्त मात्र टाळू नका. चोपण जमिनीत जस्त पिकाला लागू होत नाही. एकरी १० किलो झिंक सल्फेट पेरणीपूर्वी द्यायचे असते. किलोला ८० रुपये धरले तर ८०० रुपये. ते डीएपीत मिसळू नका, वेगळे द्या.

आता जादा खर्च मांडू. वाढीव युरिया १५५ रुपये, नत्राचा एक हप्ता वाढल्याची मजुरी ५०० रुपये धरू, जस्त ८०० रुपये. बेरीज १,४५५ रुपये. २०२६-२७ च्या हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,५८५ रुपये आहे, म्हणजे हा सगळा जादा खर्च ५६ किलो गव्हात निघतो.

दुसरी बाजू पाहा. उभ्या पिकात दिलेल्या ३० किलो नत्रातला चौथा हिस्सा, साडेसात किलो, हवेत गेला असे समजू. युरियाच्या भावाने ते ९७ रुपये. पण तेवढ्या नत्रावर तीन क्विंटलपर्यंत गहू पोसला गेला असता. निम्माच धरला तरी दीड क्विंटल, म्हणजे ३,८७७ रुपये. अनुदानामुळे युरिया इतका स्वस्त आहे की तो वाया गेलेला जाणवत नाही, आणि नेमकी तीच अडचण आहे.

पेरणी ते कांडी: हप्ते कसे द्यावेत

साठ किलोंचे तीन भाग करा. निम्मे पेरताना, पाव २१ व्या दिवसाच्या सुमारास, पाव ४० ते ४५ व्या दिवशी.

पेरताना एक गोणी डीएपी आणि एक पिशवी युरिया दिली की ३० किलो नत्र होते. हे खत फोकू नका. दोन चाड्याच्या पाभरीने किंवा खत-बियाणे पेरणी यंत्राने बियाण्याच्या खाली किंवा बाजूला पडेल असे पेरा. युरियाचा बियाण्याला थेट स्पर्श झाला तर उगवण मार खाते आणि थोडे क्षार असलेल्या रानात हा मार दुप्पट बसतो. यंत्रात खताची नळी आणि बियाण्याची नळी एकाच फणात सुटत असेल तर युरिया आदल्या दिवशी वेगळा पेरून घ्या. मजुरी थोडी वाढेल, पण नांग्या पडणार नाहीत. उगवण कमीच होणार हे धरून बियाणेही थोडे वाढवा, एकरी ४५ ते ५० किलो.

दुसरा हप्ता पहिल्या पाण्याबरोबर. गव्हाला १८ ते २१ दिवसांत मुकुटमुळे फुटतात, फुटवे तिथूनच ठरतात. पाऊण पिशवी युरिया, सुमारे ३३ किलो, इथे द्यायचा. पाण्याआधी की पाण्यानंतर, हा वाद गावोगाव आहे. माझा कौल रानावर आहे. पाणी त्याच दिवशी मुरत असेल तर कोरड्या जमिनीवर युरिया द्या आणि लगेच हलके पाणी सोडा. पाण्याबरोबर तो दोन-चार बोटे खाली जातो आणि उडण्यापासून वाचतो. पाणी एका दिवसापेक्षा जास्त साचून राहत असेल तर आधी पाणी द्या, वाफसा येऊ द्या, मग दोन ओळींत युरिया देऊन कोळप्याने मातीआड करा. वाफशावर फोकून उघडा ठेवणे हा सर्वांत नुकसानीचा प्रकार, आणि दुर्दैवाने सर्वांत रुळलेलाही. सकाळी दव असताना कोणत्याही परिस्थितीत फोकू नका, पाने करपतात.

सुधारलेल्या चोपण रानात पाणी नेहमीपेक्षा हलके आणि जरा लवकर लवकर द्यावे. सारे लहान आणि सपाट हवेत. जिथे खळगा तिथे पाणी, आणि जिथे पाणी तिथे पिवळा गहू, हे आठ दिवसांत डोळ्यांना दिसते.

तिसरा हप्ता कांडी धरताना. हा देण्याआधी एक युक्ती करा, तिला पैसे लागत नाहीत. पेरतानाच वावराच्या मध्यावर एका साऱ्याला दीडपट नत्र द्या आणि तिथे काठी रोवून ठेवा. चाळिसाव्या दिवशी त्या साऱ्याच्या आणि शेजारच्या साऱ्याच्या रंगात फरक दिसत नसेल, तर तिसरा हप्ता निम्मा केला तरी चालेल. फरक ठळक असेल तर पूर्ण द्या. फुलोऱ्यानंतर युरिया देऊन उत्पादन वाढेल ही आशा ठेवू नका.

निचरा पाइपचे रान

शिरोळ, मिरज, वाळवा या भागांत जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून बरीच रानं पुन्हा लागवडीखाली आली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात याच जमिनींवर काम चालते. पाइपवर मोठा खर्च करून बसलेल्या शेतकऱ्याला नत्राचा नवा धोका मात्र सहसा कोणी सांगत नाही. ज्या वाटेने मीठ जाते त्याच वाटेने नायट्रेटही जाते.

म्हणून क्षार धुण्यासाठीचे भरपूर पाणी पेरणीच्या आधीच देऊन टाका. उभ्या पिकात, युरिया दिल्यावर आठ-दहा दिवस जड पाणी देऊ नका. अशा रानात पाव हिस्सा नत्र वाढवण्यापेक्षा ४८ किलोचेच तीन हप्ते करणे फायद्याचे, आणि त्याचा जादा खर्च फक्त मजुरीचा. पाइपचे तोंड तुमच्या स्वतःच्या चेंबरमध्ये उघडत असेल आणि भूजल पुरेसे खोल असेल, तर युरियानंतर तीन-चार दिवस ते तोंड बंद ठेवता येते. सामुदायिक योजनेत एकट्याने असे करू नका, वरच्या शेजाऱ्याचे पाणी तुंबेल.

क्षार अजून पुरेसे उतरलेच नसतील तर नत्र वाढवून काही साधत नाही. तहानलेल्या मुळांना खत उचलता येत नाही. अशा वर्षी खताचे पैसे राखून ठेवा आणि धुण्याचे पाणी आणखी एकदा द्या.

पिवळे पान म्हणजे युरिया नव्हे

गहू पिवळा दिसला की हात युरियाकडे जातो. थांबा आणि एक रोप मुळासकट उपटून हातात घ्या. खालची जुनी पाने शेंड्याकडून सरसकट पिवळी होत आली असतील आणि वरचे पान हिरवे असेल, तर भूक नत्राची. वरचे कोवळे पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. पानाच्या मधल्या भागात फिकट पट्टे आणि त्यावर करपलेले ठिपके, रोप खुजे, असे असेल तर जस्त. तेव्हा ०.५ टक्के झिंक सल्फेट आणि निम्मा चुना अशी फवारणी करतात. आणि मुळे तपकिरी, माती घट्ट, नाकाला कुबट वास, असे असेल तर हवेची कमतरता आहे. त्याला कोणतेही खत नाही, सारा फोडून पाणी काढून द्यावे लागते. या पाच मिनिटांत एक पिशवी वाचू शकते.

धैंचा आणि प्रेसमडचा खरा भाव

खरिपात रान मोकळे असेल तर धैंचा पेरा, ४५ ते ५० दिवसांनी गाडा. चोपण जमिनीत तग धरणारे असे दुसरे हिरवळीचे पीक क्वचितच आहे. हेक्टरी ६० ते ८० किलो नत्र त्यातून जमिनीत येते. मात्र नुसता नत्राचा भाव काढला तर धैंचा महाग पडतो. २० किलो बियाण्याचे किलोला ८० प्रमाणे १,६०० रुपये, वर नांगरटीचा खर्च, आणि हाती एकरी पंचवीस-तीस किलो नत्र. युरियाच्या भावाने ते चारशे रुपयांचेही नाही. तरी धैंचा करावा, कारण त्याची मुळे जमीन पोकळ करतात आणि कुजताना निघणारा वायू मातीतला चुना विरघळवून सोडियम सुटायला मदत करतो. हा खर्च जमिनीच्या दुरुस्तीच्या खात्यावर लिहा, खताच्या नव्हे. गव्हाच्या नत्रातून त्याबद्दल आठ-दहा किलोच वजा करा.

साखर कारखान्याजवळच्यांना प्रेसमड स्वस्तात मिळते. ते चांगले आहे, पण ताजे टाकू नका. कच्चे प्रेसमड कुजवताना मातीतले जिवाणूच नत्र खाऊन टाकतात आणि डिसेंबरात गहू उपाशी राहतो. दोन-तीन महिने कुजवून, पेरणीपूर्वी पंधरा दिवस तरी आधी मिसळा.

वाणाबाबत एकच सूचना. कर्नालचे केआरएल २१० किंवा केआरएल २१३ हे क्षार सहन करणारे वाण उत्तरेच्या लांब थंडीसाठी आहेत. ऐकीव माहितीवर तिकडून बियाणे मागवू नका. निफाडच्या गहू संशोधन केंद्राच्या नेत्रावती, त्र्यंबक, फुले समाधान यांसारख्या वाणांबद्दल आपल्या भागाच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्या.

दुकानात

युरिया घेताना आधार आणि पॉस मशीन लागते. पावती मागा आणि पिशवीवरची कमाल किंमत पाहूनच पैसे द्या. युरियाबरोबर दुसरे खत किंवा टॉनिकची बाटली घ्यावीच लागेल, असे सांगितले जाते. या ‘लिंकिंग’ला कायद्याचा आधार नाही. नकार द्या, आणि दुकानदार ऐकत नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१ हा क्रमांक आहे, मराठीत बोलता येते. गहू १ ते १५ नोव्हेंबरला पेरायचा असेल तर माती आणि पाण्याचे नमुने सप्टेंबरातच द्या, आणि अर्जावर ‘जिप्समची गरज व विनिमययुक्त सोडियम’ हे शब्द स्वतःच्या हाताने लिहा.